‘ऐच्छिक’ सरावाची सक्ती

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे. ती कागदावर पाळली जाते आणि मैदानावर ओलांडली जाते, असा आरोप गेली अनेक वर्षे होत आला आहे. मिशिगन विद्यापीठाच्या गाजलेल्या प्रकरणाच्या निमित्ताने या नियमाचा आणि त्यातील पळवाटांचा हा मागोवा.

३० ऑगस्ट २००९ चा रविवार. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा नवा हंगाम सुरू होण्यास मिशिगन विद्यापीठाच्या संघाला अवघे सहा दिवस उरले होते. त्याच दिवशी ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ या दैनिकाने पहिल्या पानावर एक शोधवृत्त प्रसिद्ध केले. मिशिगनच्या आजी-माजी खेळाडूंशी बोलून बातमीदारांनी लिहिले होते की, या संघात नियमांपेक्षा कितीतरी अधिक वेळ सराव करून घेतला जातो. हंगामात सामन्यानंतरचा रविवार जवळजवळ पूर्ण मैदानावर आणि व्यायामशाळेत जातो आणि हंगाम नसतानाही खेळाडूंची सुटका नसते. ‘ऐच्छिक’ म्हणून सांगितलेला व्यायाम प्रत्यक्षात सक्तीचा असतो, हा त्या बातमीचा गाभा होता.

दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक रिच रॉड्रिग्ज पत्रकारांसमोर आले. आपण आणि आपले सहकारी नियम जाणतो व पाळतो, असे त्यांनी सांगितले. खेळाडूंच्या भल्याची आपल्याला पर्वा नाही, असे चित्र रंगवले गेल्याचे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. पुढे चौदा महिने हे प्रकरण गाजत राहिले. विद्यापीठाच्या फुटबॉलच्या शतकाहून अधिक काळाच्या इतिहासात प्रथमच या संघावर गंभीर नियमभंगाचा ठपका बसला. मात्र त्याहीपेक्षा महत्त्वाचा ठरला तो यातून पुढे आलेला प्रश्न : ज्याच्या हाती शिष्यवृत्ती आणि संघातील जागा आहे, त्याने ‘यायचे तर या’ म्हटल्यावर विद्यार्थ्याला ‘येत नाही’ म्हणता येते का?

खेळ विद्यार्थ्यांचा, उलाढाल कोट्यवधींची

येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, शिरस्त्राणे, खांद्यावर जाड कवच आणि अंगावर धडका असा हा अमेरिकी खेळ. तेथे व्यावसायिक संघांइतकीच लोकप्रियता विद्यापीठांच्या संघांना लाभली आहे. अॅन आर्बर येथील मिशिगनच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. म्हणजे मुंबईच्या वानखेडे स्टेडियमच्या तिपटीहून अधिक. शिक्षणासाठी तेथे जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना शनिवारच्या सामन्यासाठी अख्खे शहर कसे थांबते, हे पहिल्याच सत्रात कळून चुकते.

दूरचित्रवाणीचे हक्क, तिकिटे, जाहिराती आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांतून मोठी विद्यापीठे कोट्यवधी डॉलर मिळवतात. २००७ च्या डिसेंबरमध्ये रॉड्रिग्ज वेस्ट व्हर्जिनिया सोडून मिशिगनला आले, ते वर्षाला सुमारे पंचवीस लाख डॉलरच्या करारावर. मैदानावर घाम गाळणारा खेळाडू मात्र कागदोपत्री विद्यार्थीच होता. त्याला शिकवणी शुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके एवढ्याचीच शिष्यवृत्ती मिळे; वेतन नाही.

हा सारा कारभार ‘नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन’ म्हणजेच एनसीएए या संघटनेच्या नियमांनुसार चालतो. १९०५ च्या हंगामात मैदानावर झालेल्या मृत्यूंनी खळबळ उडाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लक्ष घातले आणि १९०६ मध्ये ही संघटना आकाराला आली. खेळाडूचा जीव वाचावा, हा तिच्या जन्मामागचा हेतू होता. वेळेचे नियम त्यानंतर तब्बल ८५ वर्षांनी आले.

१९८० च्या दशकात एनसीएएच्या अध्यक्ष-आयोगाने, म्हणजे विद्यापीठांच्या प्रमुखांच्या समितीने, एक पाहणी करवून घेतली. फुटबॉल आणि बास्केटबॉलचे खेळाडू हंगामात आठवड्याला सुमारे ३० तास खेळासाठी देतात, असे तीत दिसून आले. विद्यापीठप्रमुखांनी आग्रह धरला आणि जानेवारी १९९१ च्या अधिवेशनात वेळेची मर्यादा संमत झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून ती लागू झाली.

नियम काय सांगतो?

– हंगामात दिवसाला जास्तीत जास्त चार तास आणि आठवड्याला वीस तास.

– आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी.

– सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी हिशेबात तीनच तास धरायचे.

– हंगामाबाहेर, शैक्षणिक वर्ष चालू असताना, आठवड्याला आठ तास. त्यातही प्रत्यक्ष खेळाच्या कौशल्याचे प्रशिक्षण दोन तासांपर्यंतच, असे मूळ बंधन होते.

– मैदानावरील सराव, सक्तीचा व्यायाम, डावपेचांच्या बैठका आणि प्रशिक्षकाने बोलावून दाखवलेली सामन्यांची चित्रफीत हे सारे मोजायचे.

– प्रवास, पोशाख चढवणे, घोट्याला पट्ट्या बांधून घेणे, दुखापतीवरील उपचार, अभ्यासिकेतील वेळ आणि ‘ऐच्छिक’ व्यायाम मोजायचा नाही.

यादीतील शेवटच्या ओळीतच सारी मेख आहे. व्यायाम ऐच्छिक ठरण्यासाठी नियमाने चार अटी घातल्या आहेत. तो खेळाडूने स्वतःहून सुरू केलेला असावा. त्याबद्दल प्रशिक्षकाला माहिती द्यावी लागू नये. प्रशिक्षकाला कळवण्यासाठी हजेरी नोंदवली जाऊ नये. आणि आला म्हणून बक्षीस, आला नाही म्हणून शिक्षा असे काहीही होऊ नये. कागदावर या अटी चोख आहेत. मात्र पहिल्या अकरांत कोण खेळणार हे ठरवणाराच व्यायामशाळेचाही प्रमुख असेल, तेव्हा त्या कितपत टिकतात, हा प्रश्न उरतोच.

मिशिगनची चौकशी

बातमी प्रसिद्ध झाल्यानंतर विद्यापीठाने लगेच चौकशी जाहीर केली. एनसीएएनेही आपले चौकशी अधिकारी पाठवले. त्या काळात मिशिगनच्या चाहत्यांचा रोष बातमीदारांवरच अधिक होता. नवख्या खेळाडूंच्या साध्या बोलण्याचा विपर्यास केला, प्रशिक्षकाला घालवण्यासाठी हा घाट घातला, असे आरोप झाले. २००८ च्या हंगामात मिशिगनने बारापैकी नऊ सामने गमावले होते. त्यामुळे रॉड्रिग्ज यांच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन तट आधीच पडले होते.

नोव्हेंबर २००९ मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. विद्यापीठाच्या अंतर्गत लेखापरीक्षकांनी बातमीच्या आधी, जुलैमध्येच, एक टिपण दिले होते. सरावाचे तास नोंदवून दरमहा नियमपालन विभागाकडे द्यायचे तक्ते फुटबॉल विभागाने २००८ मध्ये महिनोन्‌महिने दिलेच नव्हते. तासांचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांच्याकडे हिशेबच नव्हता. मागणारे मागत राहिले, देणाऱ्यांनी दिले नाहीत आणि वरिष्ठांनी वेळेत कान टोचले नाहीत, असे या प्रकरणाचे अत्यंत कार्यालयीन स्वरूप होते.

फेब्रुवारी २०१० मध्ये एनसीएएने आरोपपत्र बजावले. त्यात पाच मोठे आरोप होते. ठरवलेल्या संख्येपेक्षा अधिक व्यक्तींनी प्रशिक्षण दिले, हा त्यांतला एक. दर्जा-नियंत्रण या नावाने नेमलेले पाच कर्मचारी प्रत्यक्षात खेळाडूंच्या व्यायामावर देखरेख करीत होते व डावपेचांत भाग घेत होते. दुसरा आरोप सरावाच्या तासांचा. तिसरा, एका पदव्युत्तर साहाय्यकाने चौकशीत दिशाभूल करणारी माहिती दिल्याचा. चौथा, रॉड्रिग्ज यांनी नियमपालनाचे वातावरण निर्माण केले नाही, हा. आणि पाचवा, विद्यापीठाने देखरेखीत कुचराई केली, हा.

मे महिन्यात दिलेल्या उत्तरात विद्यापीठाने बहुतेक आरोप मान्य केले. मात्र रॉड्रिग्ज यांच्यावरील आरोप त्यांनी नाकारला. जादा सराव झाला, पण तो बातमीत म्हटल्याएवढा नव्हे, ही विद्यापीठाची भूमिका होती. सरावाआधी अंग मोकळे करण्याची मिनिटे मोजायची नसतात, असा कर्मचाऱ्यांचा समज होता, असे त्यांनी सांगितले. रविवारी दिवसाची चार तासांची मर्यादा ओलांडली गेली होती. उन्हाळ्यात तासाला गैरहजर राहिलेल्यांना शिक्षा म्हणून व्यायाम करायला लावला होता. हे सारे मोजले तर मर्यादेबाहेरचा वेळ सुमारे ६५ तासांचा भरत होता. त्याच्या दुप्पट म्हणजे १३० तासांची कपात विद्यापीठाने स्वतःहून आपल्या सरावात करून घेतली आणि दोन वर्षांची परिवीक्षाही स्वीकारली.

४ नोव्हेंबर २०१० रोजी एनसीएएच्या नियमभंग समितीचा निकाल आला. परिवीक्षेत आणखी एका वर्षाची भर पडून ती तीन वर्षांची झाली. विद्यापीठावर जाहीर ताशेरे ओढले गेले. मूळ वृत्तात म्हटले होते त्या मानाने नियमभंगाची व्याप्ती बरीच कमी असल्याचे समितीने नमूद केले. पण तो गंभीर असल्याचेही स्पष्ट केले. रॉड्रिग्ज यांच्यावरील आरोप सौम्य करून त्यांनी ‘देखरेख केली नाही’ एवढाच ठपका ठेवण्यात आला. सामन्यांवर किंवा शिष्यवृत्त्यांवर गदा आली नाही.

रॉड्रिग्ज यांचे मिशिगनमधील दिवस मात्र भरत आले होते. २०११ च्या पहिल्याच दिवशी गेटर बाउल सामन्यात मिसिसिपी स्टेटने मिशिगनचा ५२-१४ असा धुव्वा उडवला आणि ५ जानेवारीला त्यांना काढून टाकण्यात आले. तीन हंगामांत पंधरा विजय आणि बावीस पराभव, हा त्यांचा हिशेब होता. त्यांची नोकरी गेली ती जादा तासांमुळे की हरलेल्या सामन्यांमुळे, याविषयी अॅन आर्बरमध्ये फारसा मतभेद नव्हता. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांच्या आधीच्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठावरही अशाच स्वरूपाच्या नियमभंगासाठी दोन वर्षांची परिवीक्षा लादली गेली. याच विद्यापीठाने डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना पुन्हा मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतले.

‘नाही’ म्हणण्याची किंमत

मिशिगनचा निकाल वाचताना एक गोष्ट खटकते. समितीने मोजता येण्याजोगे तेवढेच मोजले : रविवारचे चार तास, आठवड्याचे वीस, हंगामाबाहेरचे आठ. पण खेळाडूंनी बातमीदारांना सांगितले होते ते प्रामुख्याने न मोजल्या जाणाऱ्या वेळेविषयी. जो व्यायाम कागदावर ऐच्छिक आहे, तो कोणत्याही तक्त्यात येत नाही. तो सक्तीचा होता हे सिद्ध करायचे तर खेळाडूनेच पुढे येऊन तसे सांगायला हवे. आणि तो तसे का सांगेल?

या ‘का’चे उत्तर शिष्यवृत्तीच्या रचनेत सापडते. १९७३ पासून क्रीडा शिष्यवृत्ती एका वर्षाची असे. दरवर्षी ती वाढवायची की नाही, यात प्रशिक्षकाचा शब्द निर्णायक ठरे. २०१२ पासून अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्यास परवानगी मिळाली. २०१५ मध्ये पाच बड्या परिषदांनी, म्हणजे मोठ्या विद्यापीठांच्या गटांनी, केवळ खेळ उणा पडला म्हणून शिष्यवृत्ती काढून घेण्यास बंदी केली. म्हणजे २००९ मध्ये मिशिगनच्या मैदानावर उभ्या असलेल्या मुलांना यांपैकी कोणतेही संरक्षण नव्हते. ज्याच्या घरी महाविद्यालयाचे शुल्क भरण्याची ऐपत नाही, त्या एकोणीस वर्षांच्या मुलाने सकाळी सहाच्या ‘ऐच्छिक’ व्यायामाला दांडी मारावी, ही अपेक्षाच भाबडी ठरते.

शिवाय स्पर्धा केवळ प्रतिस्पर्धी संघाशी नसते. एका संघात शंभराहून अधिक खेळाडू असतात आणि मैदानावर एका वेळी अकराच उतरतात. शेजारचा मुलगा जातो म्हणून आपणही जायचे, हा दबाव कोणी तोंडाने घालत नाही. पूर्ण प्रामाणिक प्रशिक्षकाच्या संघातही तो असतोच. कित्येक खेळाडूंना जादा मेहनत मनापासून हवी असते, हेही तितकेच खरे. व्यावसायिक फुटबॉलचे स्वप्न पाहणाऱ्याला वीस तास कमी वाटतात. नियमाने त्याचे हात बांधावेत काय, असा प्रतिवाद प्रशिक्षक करतात आणि तो अगदीच पोकळ नाही. पण ज्याला थांबायचे आहे, त्याला थांबता यावे, एवढी तरतूद या प्रतिवादातून निघत नाही.

हिशेब जुळत नाही

नियम वीस तासांचा असताना खेळाडू प्रत्यक्षात किती वेळ देतात? एनसीएएनेच २००६ मध्ये केलेल्या पाहणीत पहिल्या श्रेणीच्या फुटबॉलपटूंनी आठवड्याला जवळपास ४५ तास असे उत्तर दिले होते. पॅसिफिक-१२ परिषदेने केलेल्या आणि २०१५ मध्ये चर्चेत आलेल्या पाहणीत सर्व खेळांतील खेळाडूंची सरासरी ५० तासांवर गेली. हे आकडे खेळाडूंनी स्वतः सांगितलेले आहेत. त्यात प्रवास, उपचार, पोशाख, ऐच्छिक व्यायाम असे न मोजले जाणारे सारे येते. म्हणून ४५ वजा २० म्हणजे २५ तासांचा नियमभंग, असे गणित मांडणे चुकीचे ठरेल. उलट, एकही नियम न मोडता विद्यार्थ्याचा सारा आठवडा खेळात कसा जाऊ शकतो, हे त्यातून दिसते.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या प्रकरणात त्याचा सविस्तर तपशील अधिकृतरीत्या नोंदवला गेला. तेथील फुटबॉलपटूंनी २०१४ मध्ये कामगार संघटना स्थापन करण्याची परवानगी मागितली. संघाचा क्वार्टरबॅक केन कोल्टर त्यांचा म्होरक्या होता. राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाचे शिकागो येथील विभागीय संचालक पीटर संग ओर यांनी २६ मार्च २०१४ रोजी निकाल दिला. ऑगस्टमधील शिबिरात खेळाडू आठवड्याला ५० ते ६० तास आणि हंगामात ४० ते ५० तास फुटबॉलसाठी देतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि शिष्यवृत्तीधारक खेळाडू हे कर्मचारीच आहेत, असे ठरवले. डॉक्टर होण्याची इच्छा असलेल्या कोल्टरला सकाळच्या सरावामुळे रसायनशास्त्राचा आवश्यक वर्ग वेळेत घेता आला नव्हता, असे त्याच्या साक्षीतून पुढे आले. नॉर्थवेस्टर्न हे अभ्यासासाठी नावाजलेले विद्यापीठ. तेथे ही अवस्था, तर इतरत्र काय असेल, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला.

वॉशिंग्टनमधील मुख्य मंडळाने १७ ऑगस्ट २०१५ रोजी या वादात अधिकारक्षेत्र वापरण्यास नकार दिला. खेळाडू कर्मचारी आहेत की नाहीत, हे न सांगताच प्रकरण निकाली निघाले. कामगार संघटना झाली नाही. पण ते ४०-५० तास मात्र सरकारी कागदावर कायमचे राहिले.

घड्याळाबाहेरचे धोके

तासांच्या नियमाची आणखी एक मर्यादा आहे. तो वेळ मोजतो, श्रम मोजत नाही. जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या तेरा फुटबॉलपटूंना हंगामाबाहेरच्या खडतर व्यायामानंतर रुग्णालयात दाखल करावे लागले. अतिश्रमाने स्नायू विरघळून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर भार येतो, असा हा विकार. २०१७ च्या जानेवारीत ओरेगॉन विद्यापीठात तीन खेळाडूंवर अशीच वेळ आली. तेथील व्यायाम-प्रशिक्षकाला महिनाभर निलंबित करण्यात आले.

सर्वांत दुःखद घटना मेरिलँड विद्यापीठातील. २९ मे २०१८ रोजी संघाच्या नियोजित व्यायामात जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा खेळाडू ११० यार्डांच्या धावांच्या फेऱ्या मारताना कोसळला. उष्माघात झालेल्या माणसाला तातडीने थंड पाण्यात ठेवायचे असते; ते झाले नाही. १३ जूनला त्याचा मृत्यू झाला. विद्यापीठाचे अध्यक्ष वॉलेस लोह यांनी ऑगस्टमध्ये कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. मुख्य प्रशिक्षक डी. जे. डर्किन यांना आधी परत घेण्यात आले आणि गदारोळ होताच दुसऱ्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, काढण्यात आले. तासांचे गणित येथे वादाचा मुद्दाच नव्हता. थांबवा म्हणण्याचा अधिकार आणि ते ऐकण्याची तयारी, हा मुद्दा होता.

विद्यार्थी की कर्मचारी?

‘स्टुडंट-अॅथलीट’ म्हणजे विद्यार्थी-खेळाडू हा शब्द या साऱ्याच्या मुळाशी आहे. एनसीएएचे अनेक वर्षांचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी १९५० च्या दशकात तो रूढ केला. जखमी किंवा मृत खेळाडूंच्या वारसांनी कर्मचारी म्हणून नुकसानभरपाई मागू नये, हा त्यामागचा एक हेतू होता, हे बायर्स यांनीच पुढे मान्य केले. १९५५ मध्ये डोक्याला मार लागून रे डेनिसन हा फुटबॉलपटू मृत्युमुखी पडला. त्याच्या पत्नीचा भरपाईचा दावा कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये फेटाळला. खेळाडू विद्यार्थी असेल तर त्याच्या तासांना मजुरी नाही, हे तेव्हापासून गृहीत धरले गेले.

गेल्या काही वर्षांत हे गृहीतक डळमळले आहे. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘अल्स्टन’ खटल्यात शिक्षणाशी निगडित लाभांवरील एनसीएएची बंधने एकमताने रद्द केली. त्यापाठोपाठ १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि छबी वापरू देण्याबद्दल जाहिरातदारांकडून पैसे घेण्याची मुभा मिळाली. जुलै २०२४ मध्ये ‘जॉन्सन’ खटल्यात एका संघीय अपील न्यायालयाने महाविद्यालयीन खेळाडू किमान वेतन कायद्याखाली कर्मचारी ठरू शकतात, असे म्हटले. ६ जून २०२५ रोजी ‘हाऊस’ खटल्यातील तडजोडीला मान्यता मिळाली आणि २०२५-२६ या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना वाटण्याचा मार्ग मोकळा झाला.

नियम बदलले, प्रश्न उरला

वेळेच्या नियमांतही डागडुजी झाली आहे. पूर्वी प्रवासाचा दिवस सुटीचा दिवस म्हणून खपवता येत असे. बड्या परिषदांनी जानेवारी २०१७ मध्ये ती पळवाट बुजवली. रात्री सलग आठ तासांची विश्रांती, हंगाम संपल्यावर आठवडाभराची सुटी आणि वर्षभरात आणखी चौदा दिवसांची सुटी, या तरतुदी त्याच वेळी झाल्या. फुटबॉलच्या हंगामपूर्व शिबिरात एकाच दिवशी दोनदा धडकांचा सराव घेण्याची जुनी प्रथाही त्या वर्षी बंद झाली.

दुसरीकडे, मिशिगनवर ठेवलेल्या आरोपांपैकी एक आता गुन्हाच राहिलेला नाही. मैदानावर प्रशिक्षण देणाऱ्यांच्या संख्येवरील बंधन एनसीएएने जून २०२४ मध्ये काढून टाकले. २००९ मध्ये ज्या पाच कर्मचाऱ्यांमुळे मिशिगनला मान खाली घालावी लागली, तसे कितीही कर्मचारी आज राजरोस शिकवू शकतात. २०२३ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाला अशाच कारणासाठी एक वर्षाची परिवीक्षा भोगावी लागली होती. वर्षभरात नियमच गेला.

परिषदांची फेररचना हा आणखी एक घाव. कॅलिफोर्नियातील विद्यापीठे २०२४ पासून मिशिगनच्याच ‘बिग टेन’ परिषदेत आली. आता लॉस एंजलिसचा संघ परिषदेच्या सामन्यासाठी न्यू जर्सीपर्यंत, म्हणजे खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जातो. विमानातले ते तास वीस तासांत मोजले जात नाहीत. खेळाडूला पैसे मिळू लागले, तसा त्याच्यावरचा हक्कही वाढला. जो संघाकडून थेट रक्कम घेतो, त्याने ‘ऐच्छिक’ व्यायामाला नकार देणे पूर्वीपेक्षा सोपे झाले की अवघड, याचे उत्तर उघड आहे.

नोकरदाराला जादा तासांचा मोबदला मागता येतो. संघटना असते, करार असतो, न्यायालय असते. विद्यार्थ्याला अभ्यासाचे कारण सांगून सुटी मागता येते. महाविद्यालयीन फुटबॉलपटूला दीर्घकाळ यांपैकी काहीच मिळाले नाही. कारण तो पुरता विद्यार्थीही नव्हता आणि पुरता कर्मचारीही नव्हता. वीस तासांचा नियम या दोहोंच्या मधल्या जागेत उभा आहे. त्याची अंमलबजावणी ज्या तक्त्यांवर अवलंबून आहे, ते तक्ते भरतात प्रशिक्षकांचेच साहाय्यक. मिशिगनच्या फुटबॉल विभागाकडे महिनोन्‌महिने ते तक्तेच नव्हते आणि एक दैनिक छापेपर्यंत त्याचा गवगवा झाला नव्हता. काही खेळाडू बोलले, म्हणून ते ६५ तास मोजले गेले. जेथे कोणी बोलले नाही, तेथील तास आजही ‘ऐच्छिक’ या सदरातच जमा आहेत.